शेवटच्या पाटीने सिनेमा सोवळा होत नाही

२००६ साली बाजारात आलेल्या ‘स्कारफेस : द वर्ल्ड इज युवर्स’ या व्हिडिओ गेमची सुरुवातच एका दुरुस्तीने होते. ब्रायन डी पामाच्या १९८३च्या ‘स्कारफेस’मध्ये कोकेनचा बादशहा टोनी मोंटाना शेवटी स्वतःच्याच हवेलीत गोळ्यांनी चाळण होऊन कारंज्याच्या हौदात पालथा पडतो. गेममध्ये तो पडत नाही. मागून येणाऱ्या मारेकऱ्याला वेळीच टिपतो, हवेलीतून निसटतो आणि गमावलेले साम्राज्य परत मिळवायला निघतो. सिनेमाने ठोठावलेली शिक्षा तेवीस वर्षांनी चाहत्यांच्या सोयीसाठी अशी रद्द झाली. गुन्हेगारी सिनेमावर वाद पेटला की निर्मात्यांकडून एक बचाव हमखास येतो: शेवटी तो मरतोच ना? मग आम्ही गुन्हेगारीचे उदात्तीकरण कुठे केले? समोरच्या बाजूची मागणीही याच समजुतीवर उभी असते: शेवट कडक करा, आधी एक सूचना टाका, खाली एक पाटी फिरवा. दोन्ही बाजू धरून चालतात की सिनेमाची नीती त्याच्या शेवटात किंवा त्याला चिकटवलेल्या मजकुरात असते. ‘स्कारफेस’ या एका नावाने निघालेल्या दोन सिनेमांचा इतिहास पाहिला तर ही समजूत टिकत नाही. सिनेमाची नीती कॅमेरा कोणाच्या बाजूला, किती वेळ आणि किती रमून उभा राहतो यात असते. बाकीचे सगळे अंगाशी आल्यावर हात झटकण्यासाठी.

पहिला ‘स्कारफेस’ १९३२चा. दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्स, निर्माता हॉवर्ड ह्यूज, मुख्य लेखक बेन हेक्ट. शिकागोचा अल कपोन डोळ्यांसमोर ठेवून रचलेला टोनी कामोंटे हा पॉल म्युनीने साकारला. सिनेमा १९३१मध्ये तयार होता, पण विल हेज यांच्या सेन्सॉर कार्यालयाने तो अडवला. तडजोड म्हणून नावाला ‘राष्ट्राची लाज’ अशा अर्थाचे शेपूट जोडले गेले. सुरुवातीला एक लांबलचक निवेदन आले. त्यात टोळीराज्याबद्दल सरकारला जाब विचारून, तुम्ही याबाबत काय करणार, असा सवाल थेट प्रेक्षकाला केला होता. मध्येच एका वृत्तपत्र मालकाचे प्रवचन घुसवले गेले. ते हॉक्सने चित्रित केलेले नाही, आणि बाकीच्या सिनेमाशी त्याचा सूर जराही जुळत नाही हे सहज कळते. एवढ्यावर भागले नाही तेव्हा दुसरा शेवट चित्रित झाला. त्यात टोनीवर खटला चालतो, न्यायाधीश त्याला खडसावतात आणि त्याला फाशी होते. म्युनी तोवर दुसऱ्या कामाला लागलेला असल्याने फाशीच्या प्रसंगात टोनीचा चेहराच दिसत नाही. एका अर्थी हा शेवट स्वतःचीच साक्ष देतो: ज्या माणसाला धडा शिकवायचा, तो माणूसच पडद्यावर नाही. इतके करूनही न्यूयॉर्कच्या सेन्सॉरने तो सिनेमा नाकारला, आणि ह्यूजने पुढे ठिकठिकाणी मूळ शेवटाचीच आवृत्ती लावली. आज लोक पाहतात ती तीच.

या सगळ्या लेपाखाली मूळ सिनेमा काय करत होता? एका प्रसंगात टोनीच्या हाती पहिल्यांदा हलकी मशीनगन येते. त्याच्यावरच ती रोखली गेलेली असते, हॉटेलच्या काचा फुटत असतात, माणसे जमिनीला चिकटलेली असतात; आणि टोनीचा चेहरा जत्रेत नवे खेळणे मिळालेल्या पोरासारखा उजळतो. पुढे भिंतीवरच्या कॅलेंडरची पाने मशीनगनच्या तालावर उडत जातात आणि टोळीयुद्धाचे कितीतरी दिवस काही सेकंदांत संपतात. बोरिस कार्लॉफने केलेला गॅफनी बोलिंगच्या अड्ड्यावर मारला जातो तेव्हा त्याचा शेवटचा चेंडू सगळ्या पिन पाडतो आणि गुणफलकावर फुलीची खूण उमटते. खून होताना कॅमेरा खुनाकडे न पाहता त्या फुलीकडे आणि डळमळत पडणाऱ्या शेवटच्या पिनेकडे पाहतो. हॉक्सने जवळजवळ प्रत्येक खुनाच्या आसपास कुठे ना कुठे अशी फुली पेरली आहे, आणि प्रेक्षक ती शोधायला लागतो. खून हा खेळ होतो आणि आपण त्यात भिडू होतो. प्रवचन देणाऱ्या वृत्तपत्र मालकाला असा एकही खेळ दिलेला नाही. तो फक्त बोलतो. प्रेक्षक कोणाच्या मागे जाईल, हे तिथेच ठरले होते.

१९३४पासून हॉलिवूडची आचारसंहिता जोसेफ ब्रीन यांच्या हाताखाली कडकपणे राबवली जाऊ लागली. गुन्हेगाराबद्दल सहानुभूती नको, गुन्ह्याची शिक्षा अटळ, असा दंडक झाला. पहिली पळवाट वॉर्नर ब्रदर्सने वर्षभरात शोधली. ‘पब्लिक एनिमी’ गाजवणारा जेम्स कॅग्नी १९३५च्या ‘जी मेन’मध्ये सरकारी बिल्ला लावून उभा राहिला, बंदूक तीच, वेग तोच, मिजास तीच. पण याहून बोलका पुरावा १९३८च्या ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’मध्ये आहे, कारण त्या सिनेमाचा विषयच हा वाद आहे. कॅग्नीच्या रॉकी सुलिव्हनला मृत्युदंड झालेला असतो. वस्तीतली पोरे त्याला देव मानतात. त्याचा बालमित्र, आता पाद्री झालेला जेरी, त्याला शेवटची विनंती करतो: विजेच्या खुर्चीकडे जाताना भित्र्यासारखा रड, म्हणजे पोरांच्या मनातली तुझी मूर्ती फुटेल. रॉकी नकार देतो, आणि ऐन वेळी खरोखर किंचाळत, गयावया करत मरतो. वर्तमानपत्रातली बातमी वाचून पोरांचा भ्रमनिरास होतो. आचारसंहितेला हवे होते ते अक्षरशः घडले. पण थिएटरात बसलेल्या माणसाला पोरांपेक्षा जास्त माहीत असते. हा घाबरला की मित्रासाठी त्याने आपली शेवटची पत उधळली, हा प्रश्न घेऊन तो बाहेर पडतो, आणि त्याच्या लेखी रॉकी आधीपेक्षा मोठा झालेला असतो. जिथे पटकथेने स्वतःच गुंडाची बदनामी करण्याचा कट रचला, तिथेही बदनामीतून नायकच उभा राहिला.

सक्तीच्या मरणाचे पुढे काय झाले, ते १९४९च्या ‘व्हाइट हीट’मध्ये दिसते. नियम असा की गुन्हेगार मेलाच पाहिजे. दिग्दर्शक राउल वॉल्श जणू म्हणाला, ठीक, मग असा मारतो की जग पाहील. कॅग्नीचा कोडी जॅरेट वायूच्या प्रचंड गोलाकार टाकीवर चढतो, आपण जगाच्या माथ्यावर पोहोचल्याचे मेलेल्या आईला ओरडून सांगतो आणि टाकीसकट उडतो. शिक्षेचा प्रसंग सिनेमाचा सर्वात नेत्रदीपक क्षण झाला, गुंडाचा राज्याभिषेकच म्हणा ना. आदल्याच वर्षी समीक्षक रॉबर्ट वॉर्शो यांनी गुंडाला शोकनायक म्हणणारा निबंध लिहिला होता. त्यांचे निरीक्षण असे की अमेरिकेत आनंदी आणि यशस्वी असणे हे जणू नागरिकाचे कर्तव्य मानले जाते, आणि गुंड त्या यशाचीच दुसरी बाजू दाखवतो: वर जाणे म्हणजे गर्दीतून एकटे पडणे, आणि एकटे पडणे म्हणजे मारले जाणे. हे मान्य केले तर गुंडाचे मरण हा धडा उरत नाही. ती या सिनेप्रकाराची रीत ठरते. तो मरणार हे तिकीट काढतानाच माहीत असेल, तर त्या मरणाने कोण कशाला दचकेल? आपल्याकडे दशावतार पाहणाऱ्या कोकणी-गोमंतकीय माणसाला हे वेगळे सांगायला नको. वेद चोरणारा संकासुर विष्णूच्या हातून मरतो हे सगळ्या गावाला ठाऊक असते. तरी रंगत येते ती त्याच्याच उड्यांना आणि टोमण्यांना.

आता १९८३चा ‘स्कारफेस’. जुना सिनेमा लॉस एंजेलिसमध्ये पाहून अल पचिनोने निर्माता मार्टिन ब्रेगमन यांच्यापुढे नव्या आवृत्तीची कल्पना ठेवली. १९८०मध्ये क्यूबातल्या मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख लोक होड्यांनी अमेरिकेत आले होते. टोनीला त्या लोंढ्यातला एक करावा, ही सूचना दिग्दर्शक सिडनी लुमेट यांची. पटकथा ऑलिव्हर स्टोनने लिहिली. क्यूबन वंशाच्या अमेरिकनांनी मायामीत आक्षेप घेतला आणि बरेचसे चित्रण लॉस एंजेलिसला हलवावे लागले. शेवटच्या श्रेयनामावलीत मग एक निवेदन आले: ही काल्पनिक कथा एका लहानशा निर्दय टोळीची आहे, ती क्यूबन-अमेरिकन समाजाचे प्रतिनिधित्व करत नाही. म्हणजे पन्नास वर्षांनीही उपाय तोच, पाटी लावून मोकळे व्हायचे. अमेरिकेच्या प्रमाणन मंडळाने सिनेमाला पुन्हा पुन्हा फक्त प्रौढांसाठीचा ‘एक्स’ दर्जा दिला. दिग्दर्शकाने काटछाट करून पाहिली, मग अपील करून त्याहून सौम्य ‘आर’ दर्जा मिळवला आणि आपण न कापलेली प्रतच थिएटरांत लावली, असे पुढे सांगितले. ज्या करवतीच्या प्रसंगावरून एवढा गदारोळ झाला, त्यात कॅमेरा कापाकापी जवळजवळ दाखवतच नाही. तो न्हाणीघराच्या खिडकीतून बाहेर सरकतो आणि खाली उन्हात गाडीपाशी एका पोरीशी गुलूगुलू बोलणाऱ्या साथीदारापाशी थांबतो. भीषणता पाहणाऱ्याच्या डोक्यात घडते. मंडळ मोजत बसले होते रक्त. परिणाम मात्र कॅमेरा कुठे वळला यातून होत होता.

या सिनेमाचे शहाणपण त्याच्या उत्तरार्धात आहे आणि ते कमी नाही. टोनीची आई तर त्याचे पैसे पूर्वार्धातच नाकारते. बायको सोडून जाते. सर्वांत जवळच्या मित्राला तो बहिणीच्या दारात गोळी घालतो, आणि नंतर कळते की दोघांनी आदल्याच दिवशी लग्न केले होते. भल्या मोठ्या टबमध्ये बसून तो दूरदर्शन संचाशी भांडतो. ज्या गाडीत बायकामुले बसली आहेत ती उडवायला तो नकार देतो, आणि आयुष्यातला हा एकमेव भला निर्णयच त्याचा घात करतो. १७० मिनिटांच्या सिनेमातला मोठा भाग असा एका माणसाच्या सडण्याचा पंचनामा आहे. पण या सडण्याआधी काही मिनिटांची एक चित्रमाला येते. जॉर्जिओ मोरोडरच्या संगीतावर नोटांनी भरलेल्या पिशव्या बँकेत वाहून नेल्या जातात, नोटा मोजायची यंत्रे फडफडतात, लग्नाच्या पाहुण्यांना हिरवळीवर बांधलेला वाघ दाखवला जातो. काही महिन्यांपूर्वी हाच माणूस खाणावळीत भांडी घासता घासता समोरच्या क्लबात शिरणाऱ्या श्रीमंतांकडे टक लावून पाहत होता. संगीत, कापणी, वेग, सगळे सिनेमाने या चढत्या रेषेला बहाल केले. उतरत्या रेषेला दिल्या त्या लांबलेल्या, थकलेल्या बैठका. प्रेक्षकांना काय लक्षात राहिले याचे उत्तर पोस्टरांत आहे. आकाशातल्या फुग्यावर आणि मग हवेलीतल्या गोलावर झळकणारी ‘जग तुझेच आहे’ ही घोषणा हा सिनेमाचा सर्वांत कडवट विनोद; खोल्याखोल्यांत ती सुभाषितासारखी टांगली गेली.

हा प्रवास तातडीने झाला नाही. प्रदर्शनाच्या वेळी रॉजर एबर्टसारखे मोजके समीक्षक सोडले तर बऱ्याच जणांनी सिनेमा झोडपला. वर्षातल्या वाईट कामांची टर उडवणाऱ्या रॅझी पुरस्कारांत डी पामाला वाईट दिग्दर्शक म्हणून नामांकन मिळाले. सिनेमाला उचलून धरले ते हिप-हॉपने. ह्यूस्टनच्या गेटो बॉइज गटातल्या रॅपरने ‘स्कारफेस’ हेच नाव घेतले. रॅपर नासच्या १९९४च्या ‘इलमॅटिक’ अल्बममध्ये ती घोषणाच गाण्याचे शीर्षक झाली. २००३मध्ये डेफ जॅम या रॅप संगीत कंपनीने या नात्यावर माहितीपट काढला. रॅप संगीत घालून सिनेमा पुन्हा लावण्याचा स्टुडिओचा विचार होता. डी पामाने तो हाणून पाडला.

इथे पहिला आक्षेप उभा राहतो: हा तर सरळ प्रेक्षकांचा अडाणीपणा झाला, सिनेमा बिचारा इशारा देत होता, यांना तो कळला नाही. हा आक्षेप तुच्छतेतून येतो आणि तो चूक आहे. टोनी मरतो हे या चाहत्यांना ठाऊक नव्हते असे नाही. त्यांना सिनेमा दृश्यागणिक पाठ होता. ज्या वस्त्यांमध्ये तरुण मरण ही रोजची बातमी होती, तिथे ‘या मार्गाने गेलास तर मरशील’ या इशाऱ्यात नवे काहीच नव्हते. नवे होते ते मधले: दारात हिणवला गेलेला, भाषा धड न येणारा, भांडी घासणारा माणूस कोणापुढे मान न झुकवता वर जातो. महागड्या हॉटेलात झिंगलेला टोनी प्रतिष्ठितांना सुनावतो की तुम्हाला माझ्यासारखा वाईट माणूस लागतोच, म्हणजे बोट दाखवायची सोय होते. हे वाक्य ज्यांच्याकडे कायम बोट दाखवले गेले, त्यांना खरे वाटले, कारण ते बऱ्याच अंशी खरे आहे. त्यांनी सिनेमा नीट वाचला. फक्त त्यांच्या आयुष्यात ज्याची टंचाई होती, ते त्यांनी उचलले.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. पुस्तकी चर्चा ठीक, पण खऱ्या गुन्हेगारांचे काय? रोबेर्तो साविआनोने ‘गोमोरा’ या पुस्तकात लिहिले आहे की नेपल्सजवळच्या कामोरा टोळीतल्या वॉल्टर स्किआवोने याने कासाल दी प्रिंचिपे गावात टोनी मोंटानासारखी हवेली बांधून घेतली. म्हणजे सिनेमाचा परिणाम होतोच, आणि तो नाकारणे हा साळसूदपणा ठरेल. पण परिणाम कशाचा झाला ते पाहा. स्किआवोने टोळीच्या घराण्यात आधीच होता. सिनेमाने त्याला धंदा दिला नाही, ऐट दिली. आणि मुख्य म्हणजे, टोनी तशाच हवेलीत मरतो हे पाहूनही त्याने हवेली बांधली. शेवटाची जरब कोणाला बसायला हवी होती, तर याला. म्हणजे हा दाखला पाटीवाल्यांच्या बाजूने नसून त्यांच्या विरोधात जातो.

मग दाखवायचे तरी कसे, या प्रश्नाला उत्तर त्याच गोष्टीतून मिळाले. मात्तेओ गार्रोनेने २००८मध्ये साविआनोच्या पुस्तकावर सिनेमा केला. त्यात मार्को आणि चिरो ही दोन पोरे एका ओसाड हवेलीत टोनी मोंटाना खेळतात, संवाद फेकतात. कॅमेरा त्यांच्यासोबत उडत नाही, चढणारे संगीत नाही, नोटांची चित्रमाला नाही. भोवती गिलावा गळालेल्या भिंती आणि दोन हडकुळी पोरे. शेवटी मोठी माणसे त्यांना मारतात आणि त्यांची प्रेते बुलडोझरच्या बकेटमध्ये टाकून किनाऱ्यावरून वाहून नेतात. टोनीही मेला आणि हीसुद्धा मेली. तरी या पोरांसारखे व्हावे असे कोणाला वाटणार नाही. शेवट सारखेच असून परिणाम उलट होतो, तेव्हा फरक शेवटाने पडला नाही हे उघड आहे. तो पडला पहिल्या दृश्यापासून कॅमेऱ्याने राखलेल्या अंतराने. हे काम कोणत्याही सूचनेला जमणारे नाही. दिग्दर्शकालाच करावे लागते.

हा वाद आपल्यापासून दूर नाही. मुकुल आनंद यांच्या १९९०च्या ‘अग्निपथ’वर ‘स्कारफेस’ची छाप आहे, आणि त्याचा नायक तर विजय दीनानाथ चव्हाण, मांडव्याचा. टोनीच्या आईसारखीच रोहिणी हट्टंगडी यांनी केलेली आई मुलाच्या कमाईकडे पाठ फिरवते, जेवायला बसण्याआधी हात धुवायला सांगते. फरक असा की टोनीला गुन्ह्यासाठी कोणतीही सबब दिलेली नाही. विजयला बापाचा खून, गावाचा अन्याय आणि मरताना आईची मांडी, सगळे दिले आहे. हिंदी सिनेमाने गुंडाला शिक्षा दिली आणि त्याच वेळी माफीही दिली. हाही सिनेमा आधी आपटला आणि नंतर डोक्यावर घेतला गेला. आणि पाट्यांचे म्हणाल, तर २ ऑक्टोबर २०१२पासून तंबाखूच्या दृश्यांखाली इशारा आणि सिनेमाच्या आधी व मध्यंतरात आरोग्यसूचना सक्तीची झाली. त्या पाटीला नकार देत वुडी ॲलनने २०१३मध्ये ‘ब्ल्यू जास्मिन’ भारतात लावू दिला नाही. तंबाखूच्या बाबतीत पाटीला काही अर्थ आहे, कारण ती वैद्यकीय तथ्य सांगते. सत्ता, पैसा आणि अपमानाचा बदला यांच्या मोहाबद्दल असे एका ओळीचे तथ्य नसते. तिथे पाटी फक्त निर्मात्याची आणि मंडळाची सद्सद्विवेकबुद्धी शांत करते, आणि कापलेल्या दृश्यांचे आकडे जाहीर करून दोघेही मोकळे होतात.

याचा अर्थ सिनेमाला जबाबदारीतून सोडा असा नाही, उलट ती अधिक कडक करा असा आहे. ‘शेवटी तो मरतो’ या बचावाला परीक्षणात, चर्चेत किंवा न्यायालयात किंमत देणे आपण थांबवले पाहिजे. गुंडाच्या चढणीला सिनेमाने कोणते संगीत दिले, त्याच्या बळींना चेहरा दिला का, त्यांच्या घरी कॅमेरा किती वेळ थांबला, हे प्रश्न निर्मात्याला विचारायला हवेत. या मोजमापात १९८३चा ‘स्कारफेस’ एक मोठा पण अपराधी सिनेमा ठरतो: त्याला सत्य माहीत होते, पण वेग त्याने खोट्याला दिला. म्हणून तो टिकला आणि म्हणूनच तो भलत्या भिंतींवर टांगला गेला. त्यावर बंदी नको, कात्री नको, सूचनाही नको. तो पूर्ण पाहा, आणि पाहताना आपल्याला नेमकी कुठे मजा आली ते प्रामाणिकपणे नोंदवा. सिनेमाचे खरे म्हणणे त्या जागी असते.